सोळाव्या डिस्कच्या पुढे

मी बूटलोडर बोलतोय. हे नाव तुमच्या कानावर पडलं नसेल तर ओशाळू नका. ज्यांच्या घरात मी राबतो त्यांनाही ते ठाऊक नसतं. तुम्ही संगणकाचं बटण दाबता, पडदा काळाच असतो, आणि तुम्ही एक जांभई देता. त्या जांभईएवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य होऊन जातं.

काम म्हणाल तर असं. यंत्रात वीज आली की सगळ्यांच्या आधी मी उठतो. शाळेत मास्तर हजेरी घेतात तशी एकेका डिस्कला हाक मारतो. पहिली? आहे. दुसरी? आहे. मग त्यांच्यापैकी कुणाच्या पोटात ती मोठी यंत्रणा झोपली आहे ते शोधतो, तिला हलवून उठवतो, कारभार तिच्या हाती देतो आणि पुन्हा आडवा होतो. पुढे चित्रं हलली, गाणी वाजली, त्याचं सगळं श्रेय तिचं. मला कुणी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. कुणीतरी म्हणावं असं वाटायचं, हे मात्र कबूल करतो.

माझा जन्म एका आईबापाच्या पोटी झाला नाही. जगभरच्या कितीतरी लोकांनी, एकमेकांची तोंडंही न बघता, मला थोडं थोडं लिहिलं. त्यांतल्याच कुणीतरी लिहून ठेवलं की हजेरी सोळापर्यंत घ्यायची. त्या बिचाऱ्याचंही फार चुकलं नव्हतं. त्या काळी एका यंत्रात चार डिस्क असल्या तरी शेजारीपाजारी बघायला यायचे. शिवाय मला बसायला दिलेली जागा इवलीशी. तीत नावं तरी किती मावणार? त्याने सोळा घरं आखून दिली आणि तो पुढच्या कामाला लागला. सोळाच्या पुढे कुणी असलं तर काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी राहतो लेबनॉनमधल्या त्रिपोलीला, मीना नावाच्या बंदरभागात, कोळ्यांच्या धक्क्यामागच्या गल्लीत. नझीहच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझं यंत्र आहे. नझीह लग्नांच्या फिल्मा काढतो. मीनात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात की आधी नझीहला गाठतात, यावर लोक पैजा लावतील. ढोल वाजवत नवरीला न्यायला निघालेली वरात, जिला इथे झफ्फा म्हणतात, ती दारात पोचायच्या आधीच हा गडी कॅमेरा खांद्यावर घेऊन जिन्यात उभा असतो.

इथली माणसं जगभर पांगलेली. कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी आफ्रिकेत दुकान टाकून बसलेलं. उन्हाळ्यात लग्नापुरती येतात, रडतात, भरपेट खातात आणि परत जातात. मग कित्येक वर्षांनी केस पांढरे झाले की स्टुडिओत येऊन विचारतात, आमची फिल्म आहे का रे अजून? नझीहने कुणाला नाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तयार फिल्म तो नवरानवरीला देऊन टाकायचा. पण कापून काढलेलंही तो सगळं जपून ठेवायचा. कुणाची काकू खुर्चीतच घोरतेय, कुणाचे वडील कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसतायत, असलं सगळं. त्याचं म्हणणं असं की खरं लग्न त्या कापलेल्या तुकड्यांतच असतं.

इतकं सगळं ठेवायला जागा लागते. ती जागा केली त्याच्या धाकट्या बहिणीने, विदादने. ती शाळेत संगणक शिकवायची आणि दुपारनंतर स्टुडिओत यायची. लोखंडी कपाटासारखं ते यंत्र तिनेच जुळवलं आणि मला तिनेच त्यात बसवलं. पहिल्यांदा तिने बटण दाबलं तेव्हा मी हाक मारली आणि चार डिस्कनी ओ दिली. विदादने टाळी वाजवली. ती माझ्यासाठी नसावी, पण मी ती घेतली.

त्यानंतर मी झोपलो तो कित्येक वर्षं उठलोच नाही.

त्याचं कारण म्हणजे इथली वीज. सरकारी वीज इथे पाहुण्यासारखी येते आणि न सांगता जाते. ती गेली की गल्लीतला जनरेटरवाला अबू खिदर आपला जनरेटर चालू करतो, आणि मधल्या त्या पोकळीत सगळी गल्ली आहे तिथे थांबते. बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबतो, न्हावी कात्री हवेत धरून थांबतो, दिवे आले की पुढचं वाक्य जणू काही झालंच नाही असं सुरू होतं. या थांबण्याचा विदादला भारी राग. तिने यंत्राला अशा काही बॅटऱ्या जोडल्या की वीज गेलेली त्याला कळायचीही नाही. नझीह तर आल्यागेल्याला ऐकवायचा की अख्ख्या मीनात न विझलेली एकच वस्तू आहे आणि ती माझ्या मागच्या खोलीत आहे.

यंत्र कधी विझत नाही म्हटल्यावर डिस्क वाढवायची तीही चालत्या यंत्रातच. उन्हाळ्याचा लग्नांचा हंगाम सरला, जागा भरत आली, की विदाद नवी डिस्क आणून खाचेत सरकवायची. हिरवा दिवा लागला की काम झालं. एक कपाट भरलं तेव्हा शेजारी दुसरं आलं. सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी कोठी, आणि प्रत्येक फिल्म थोडी थोडी सगळ्यांवर वाटून ठेवलेली. यात वाईट काही नव्हतं. फक्त, मला कुणी उठवलं नाही. सतरावी डिस्क आली तेव्हा जर एकदा यंत्र बंद करून चालू केलं असतं, तर माझं अज्ञान त्याच दिवशी उघडं पडलं असतं आणि हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांनी यंत्राला इतकं जिवापाड जपलं की माझी खोट झाकलेलीच राहिली.

हे सगळं मला तेव्हा कुठून कळणार? मी झोपलेला. हे मी नंतर ऐकलं, आणि ते का ऐकता आलं तेच आता सांगायचं आहे.

इथल्या चलनाची, लिराची, किंमत कोसळली, शाळेचा पगार कागदाच्या मोलाचा झाला, तशी विदाद कुवेतला शिकवायला गेली. जाण्याआधी तिने मोठ्या यंत्रणेची नवी आवृत्ती चालत्या यंत्रातच घालून दिली, म्हणजे भावाला मागे त्रास नको. नव्या फायली साहजिकच नव्या, रिकाम्या डिस्कवर जाऊन बसल्या. म्हणजे सोळाच्या पुढे. मग बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या मिळेनात. एका दुपारी सरकारी वीज गेली, अबू खिदरकडे डिझेल नव्हतं, आणि ते कधी न विझणारं यंत्र विझलं.

वीज आल्यावर नझीहने बटण दाबलं. मी डोळे चोळत उठलो आणि हजेरी घेतली. सोळा जणींनी ओ दिली. मी हजेरीची वही मिटली. मग यंत्रणेला शोधायला लागलो, तर तिच्या फायली त्या सोळा जणींकडे नाहीत. कोठीचा ताळमेळ सांगत होता की अजून बऱ्याच डिस्क असायला हव्यात. मला शिकवलं होतं तसं मी पडद्यावर लिहिलं: बाकीच्या डिस्क सापडल्या नाहीत. आणि खाली एक लुकलुकणारी खूण ठेवून गप्प बसलो.

त्या सगळ्या तिथेच होत्या. एका हाताच्या अंतरावर, हिरवे दिवे लावून, गरगर फिरत, हाकेची वाट बघत. मी त्यांना हाकच मारली नव्हती.

यंत्र सुरळीत चालू झालं की मी झोपतो. ते अडलं तर मात्र पडद्यावर मीच बसून राहतो. तर अशी माझी आयुष्यातली सगळ्यात लांब जाग सुरू झाली. नझीहला वाटे की यंत्र बंद ठेवलं तर उरलंसुरलंही जाईल. म्हणून वीज असेल तेव्हा तो मला उठवून बसवायचा, आणि मी ती खूण लुकलुकवत मागच्या खोलीतलं सगळं ऐकायचो. माणसं कशी बोलतात, कशी पुटपुटतात, एकटी असताना कशी सुस्कारे सोडतात, हे मला तेव्हा कळलं. मी नापास झालो म्हणून मला माणसं भेटली, हे मनाला लागून राहिलं आहे.

कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने येऊन पडदा वाचला, मान हलवली आणि जुन्या डिस्क अशाच जातात, एक गेली की रांग लागते, असं सांगून टाकलं. नझीहला यंत्रातलं कळतं ते हिरव्या दिव्यापुरतं. दिवे तर हिरवे आहेत, असं तो म्हणाला खरा, पण हळू आवाजात. विदादला फोन झाला. तिने पडद्याचे फोटो मागवले आणि बजावलं की कशालाही हात लावू नकोस, त्या मोबाईलवाल्याला आत येऊ देऊ नकोस, मी ईदला येते, आणि तोवर कुणाला काही बोलू नकोस.

शेवटची गोष्ट नझीहला जमण्यातली नव्हती, कारण दर गुरुवारी उम्म रियाद यायची.

उम्म रियाद, म्हणजे रियादची आई, बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते; नझीह तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. रियाद तिचा एकुलता एक. मामेभावाच्या लग्नात दब्केच्या नाचाची रांग त्याने धरली होती. सगळ्यांत पुढे, हातातली माळ गरगर फिरवत, असा नाचला की नवरदेवाकडे कुणी बघेना. म्हणूनच तो भाग तयार फिल्ममधून कापला गेला आणि नझीहच्या तुकड्यांत राहिला. त्याच वर्षी उन्हाळा सरताना रियाद रात्रीच्या होडीने चोरून इटलीला जायला निघाला. होडी पोचली नाही. बरेच जण सापडले, तो सापडला नाही.

उम्म रियादने मातम केला नाही. सांत्वनाला आलेल्यांना तिने जिन्यातूनच परत पाठवलं. काळे कपडे घातले नाहीत. मृतदेह दाखवा मग रडते, असं ती म्हणायची. आणि गुरुवारी बेकरीची भट्टी थंड झाली की स्टुडिओत येऊन बसायची. नझीह तो तुकडा लावायचा, कॉफी ठेवायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा. हे तुमच्या फोनवर घालून देतो, खाला, असं त्याने एकदा म्हटलं होतं. ती म्हणाली की घरात ठेवलं तर मी दुसरं काहीच करणार नाही. तुझ्याकडेच राहू दे, मी भेटायला येत जाईन.

यंत्र अडल्यावर नझीहने तिला वीज नसल्याचं सांगितलं. पुढच्या गुरुवारीही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आली आणि खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर बसली.

"पोरा, तू मला सारखं वीज नाही म्हणतोस," ती म्हणाली. "वीज तर माझ्या घरात आहे. आणि हा पडदाही पेटलेला दिसतोय."

नझीहला खोटं नीट बोलता येत नाही. तो खालीच बसला, जमिनीवर. "खाला, डिस्क मेल्या. सगळं गेलं."

"कोण म्हणतं?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तिला ती अक्षरं येत नव्हती. तिने विचारलं, काय लिहिलंय? त्याने वाचून सांगितलं, बाकीच्या सापडल्या नाहीत.

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या वेळी माझी ती खूण लुकलुकायची थांबली असती तर बरं झालं असतं. पण ते माझ्या हातात नाही.

"बंदरावरच्या साहेबानेही मला हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मी त्याला म्हटलं, तुम्ही नीट शोधलं नसेल. दर गुरुवारी पोरगा समोर नाचताना दिसायचा, म्हणून म्हणू शकले. आता तुला काय म्हणू?"

ती उठली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि विचारलं की तुझ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत ना. मागच्या खोलीत खुर्च्यांची चळत असते. गल्लीत लग्न असो की मयत, नझीहकडूनच जातात. त्याला आधी कळेचना. मग कळलं तसा तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्च्या माझ्यासमोरून ओढत नेल्या. रीतीप्रमाणे तीन दिवस उम्म रियादच्या घरी लोक येत राहिले, कुराण चालू राहिलं, बिनसाखरेची कडू कॉफी फिरत राहिली. इतक्या वर्षांनी तिने ती रीत पार पाडली. मशिदीत गैरहजर मयताची नमाज झाली. नझीह रोज संध्याकाळी येऊन बायकोला फोनवर सांगायचा की खाला मोकळेपणी रडली, चांगलं झालं, तिचं मन हलकं झालं. तो खरंच तसं समजत होता. मीही तसंच समजत होतो, कारण डिस्क सापडल्या नाहीत हे मलाही खरंच वाटत होतं. आपण ज्यांना कधी हाक मारली नाही, त्या नाहीतच असं मला वाटायचं.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही.

ईदच्या सुट्टीत विदाद आली. बॅग दारातच टाकून ती सरळ मागच्या खोलीत शिरली आणि एकेका डिस्कवर तळहात ठेवत गेली, ताप बघावा तसा.

"दादा, या सगळ्या जिवंत आहेत," ती म्हणाली. "मला फोटोवरूनच शंका आली होती. डिस्क मरतात तर इथली एक, तिथली एक मरते. सोळापर्यंत सगळ्या ठणठणीत आणि पुढच्या एकजात मेल्या, असं कधी होतं का? डिस्क नाही मेल्या. मोजणाऱ्याला पुढचं मोजता येत नाही."

म्हणजे मी. मला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं होतं, आणि ते असं.

कुवेतमध्ये शाळा सुटल्यावर तिने मला अक्षरन् अक्षर वाचून काढलं होतं. ती सोळा घरं सापडल्यावर तिने नुसता आकडा पुसून मोठा केला नाही. तसं केलं असतं तर माझ्या इवल्याशा जागेत एकमेकांवर पाय पडून सगळाच गोंधळ झाला असता. आधीपासून घरं आखून ठेवण्याऐवजी ओ येईल तसं एकेक घर मांडायचं, असं तिने मला शिकवलं. जागेला शेवट असतोच, म्हणून तो तिने मला झेपेल तितका लांब नेला. आणि एक गोष्ट वर केली. कधी तो शेवट आलाच, तर सापडलं नाही असं लिहायचं नाही. मला इथून पुढे दिसत नाही, असं लिहायचं.

ही दुरुस्ती तिने माझी देखभाल करणाऱ्यांकडे पाठवली. उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशातल्या एकाने फणकाऱ्याने विचारलं, एवढ्या डिस्क असतात कुणाकडे? तिने उत्तर लिहिलं की आमच्या गावात लग्नं फार होतात. मग त्याने दोन-चार ठिकाणी काना-मात्रा सुधारून तिचं लिहिणं माझ्यात कायमचं घेतलं. हे सगळं ती नझीहला हसत सांगत होती. तो हसत नव्हता.

"खालाला तू काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"पडद्यावर होतं तेच."

"पडद्यावर होतं, सापडल्या नाहीत. मेल्या असं कुठे लिहिलं होतं?"

"तेच नाही का झालं?"

"नाही, दादा. तेच नाही झालं."

मग विदादने नवा मी यंत्रात घातला आणि बटण दाबलं.

मी उठलो. हाक मारत गेलो. सोळावीने ओ दिली आणि सवयीने मी थांबणार तोच कळलं की अजून पुढे घर मांडता येतंय. भीत भीत हाक मारली. सतरावी म्हणाली, आहे. अठरावी म्हणाली, आहे. अशा एकामागून एक तेविसावीपर्यंत सगळ्या बोलल्या. इतकी वर्षं शेजारी राहून ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती, त्या सगळ्या. मला आनंद झाला, पण त्या खुर्च्या माझ्यासमोरून ओढत नेल्या होत्या ते मी विसरलो नव्हतो.

यंत्रणा सापडली. विदादने मला आधीच सांगून ठेवलं होतं की पुढे जाण्याआधी थांब, मी बटण दाबेन तेव्हाच तिला उठव. म्हणून सगळी यादी पडद्यावर मांडून मी थांबलो.

नझीहला रडू फुटलं. तो म्हणाला, आता बटण दाबू नकोस, जिला सगळं गेलं म्हणून सांगितलं तिच्यासमोरच चालू होऊ दे. विदादने त्याचा हात धरला. थांब, विचार कर, तिने आता सगळं आवरलंय, असं ती म्हणाली. पण चांगली बातमी घेऊन निघालेल्या माणसाला कोण अडवणार? तो चपला न घालताच पळाला.

उम्म रियाद आली तेव्हा अंगावर काळे कपडे होते. मी तिला काळ्यात पहिल्यांदाच बघत होतो. ती खुर्चीत बसली. नझीहला धाप लागली होती, तरी तो बोलतच होता, की खाला, सगळं आहे, काही गेलं नव्हतं, एक बटण दाबलं की रियाद नाचायला लागेल.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. विदादला विचारलं, "गेलंच नव्हतं?"

"नव्हतं, खाला. मोजण्यात चूक होती. आता दुरुस्त झाली."

"म्हणजे तो इथे होता, आणि मी तिकडे लोकांना कडू कॉफी पाजत होते."

विदादचं बोट बटणापाशी होतं. ते तिने मागे घेतलं.

"पोरी, तुझ्यावर राग नाही," म्हातारी म्हणाली. "पण मी त्याची नमाज पढवली. त्याचे कपडे वाटून टाकले. निळा कोटसुद्धा दिला. त्याची खोली धुतली. आता मला झोप लागते. किती वर्षांनी लागते, माझं मला माहीत. हा पुन्हा नाचायला लागला, तर मी उद्या परत बंदरावर जाऊन बसेन. मग त्याला दुसऱ्यांदा कोण पुरणार?"

नझीह काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, की मग तो तुकडा पुसून टाकू का?

"पुसलास तर तुझं तोंड बघणार नाही," ती म्हणाली. "असू दे आत. मला दाखवू नका."

ती उठली. माझ्या पडद्यासमोर क्षणभर उभी राहिली आणि हात लांब केला. मला वाटलं, ती बटण दाबतेय. पण तिने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली, ते बोट कपड्याला पुसलं आणि ती निघून गेली.

वीज गेली, बॅटऱ्यांनी रडतखडत तग धरला, दिवे परत आले. नझीह म्हणाला, मी घाई केली. कुठली घाई, पहिली की दुसरी, ते त्याने सांगितलं नाही आणि विदादने विचारलंही नाही. मग तिने बटण दाबलं. मी यंत्रणेला उठवलं आणि झोपी गेलो.

आता बॅटऱ्यांचा भरवसा राहिला नाही, म्हणून नझीह रोज संध्याकाळी यंत्र बंद करतो आणि सकाळी चालू करतो. जो मी वर्षानुवर्षं उठत नव्हतो, तो आता रोज उठतो. विदाद कुवेतला परत गेली. लग्नं कमी झाली. लग्न करायच्या वयाची पोरं गावात उरलीत कुठे? नवी डिस्क कुणी आणत नाही. मला आता केवढं तरी मोजता येतं, आणि मोजायला त्याच तेवीस आहेत.

माझ्यासारख्यांना लिहिणाऱ्या तुम्हा शहाण्या माणसांना एकच मागणं आहे. आम्हाला हवं तर कमी शिकवा, जागा कमी द्या, चालेल. पण जिथे आमची नजर संपते तिथे तसं सांगायला शिकवा. आम्ही पडद्यावर लिहिलेलं लोक वाचतात, आणि वाचून घरी जाऊन खुर्च्या मांडतात. आणि पडदा वाचणाऱ्यांनो, तुम्हीही दुसऱ्याच्या दारात आमचे शब्द नेऊन टाकण्याआधी एक दिवस दम धरत जा.

मला खरी खंत एकाच गोष्टीची आहे. रियाद आत असताना मी नाही म्हणालो, आणि त्याच्या आईने मोठ्या कष्टाने तो नाही हे मानल्यावर मी आहे म्हणालो. दोन्ही वेळी तिला त्रासच झाला, आणि दुसऱ्या वेळी तर मी खरं बोलत होतो.

रियाद कुठल्या एका डिस्कवर नाही. तो थोडा थोडा सगळ्यांवर वाटलेला आहे. म्हणून मी एकही हाक चुकवत नाही. रोज सकाळी तेवीसच्या तेवीस जणी आहे म्हणतात. गुरुवारीही म्हणतात. मी ते पडद्यावर लिहितो, नझीह ते न वाचता पुढे जातो, आणि बेकरीवरच्या त्या खोलीत कुणी विचारत नाही की तो सापडला का.